डोळा पांढरा, पण वर जाईना: खोबणीच्या तळात अडकलेल्या स्नायूचं एक प्रकरण

डिसेंबरातला रविवार, सकाळचे अकरा. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीवरून एक आजी अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या डोळ्यांच्या दवाखान्यात आली. मुलाचं आणि वाडीचं नाव इथे देत नाही. आई-वडील ऊसतोडीला सांगली जिल्ह्यात गेलेले. दसरा-दिवाळीनंतर कोयता निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडालाच परततो, तोवर वाडीत म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरंच उरतात. आजीच्या एका हातात प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत सीटी स्कॅनचं पाकीट. दुसऱ्या हाताने तिने नातवाचं मनगट घट्ट धरलं होतं.

"बाई, रात्रीपासनं वकायलंय लेकरू. पाणीसुदिक ठरंना पोटात. डोस्क्याचा फोटू काढला, मेंदूला काई नाही म्हणले. डोळ्याचं एकदा दाखवून घ्या म्हणले, म्हणून आले."

हकीकत अशी. आदल्या दिवशी, शनिवारी चारच्या सुमारास शाळेच्या मैदानावर क्रिकेट चाललं होतं. चेंडू उंच उडाला, झेल घ्यायला दोघं धावले आणि मोठ्या मुलाचं कोपर ह्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं. रडला, तोंड धुतलं, थोडा वेळ बसला आणि पुन्हा खेळायला गेला. पण चेंडू वर गेला की ह्याला गरगरायचं. संध्याकाळपर्यंत तीन उलट्या झाल्या. चुलत्याने तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे नाडी मंद लागली. डोक्याला मार, उलट्या आणि मंद नाडी म्हटल्यावर कुठलाही डॉक्टर आधी मेंदूचाच विचार करेल, आणि केलाच पाहिजे. त्यांनी मेंदूचा स्कॅन काढला, रात्रभर सलाइनवर ठेवलं, सकाळी सोडलं. जाताना सांगितलं, डोळ्याला तसं काही दिसत नाही, सवडीने दाखवा.

त्या "सवडीने" शब्दासाठी हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

मुलगा खुर्चीत बसला तेव्हा डोळ्याला खरंच काही दिसत नव्हतं. कोपराचा मार म्हटलं की मला डोळ्यासमोर काळानिळा, सुजून मिटलेला डोळा येतो. इथे खालच्या पापणीवर शोधली तरच सापडेल एवढी सूज होती. डोळ्याचा पांढरा भाग दुधासारखा स्वच्छ, रक्ताचा एक ठिपकाही नाही. दोन्ही डोळ्यांनी तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ, म्हणजे ६/६ ची, बिनचूक वाचली. बाहुल्या सारख्या, उजेडाला नीट आकसणाऱ्या.

एक गोष्ट मात्र खटकली. तो हनुवटी वर करून बसला होता. मी स्टुलावरून उठून उभी राहिले तर माझ्याकडे बघायला त्याने नजर वर नेली नाही, अख्खा चेहराच मागे टाकला. तासभर उलट्या करून गळून गेलेलं मूल मान खाली टाकून बसतं. हा तसा बसला नव्हता.

मग मी त्याची हनुवटी डाव्या हाताने धरली, उजव्या हातात पेनटॉर्च घेतला आणि म्हटलं, "मान हलवायची नाही. फक्त डोळ्यांनी उजेडाकडे बघ." टॉर्च हळूहळू वर नेला. उजवा डोळा त्याच्याबरोबर वर गेला. डावा डोळा मध्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला, खाली दोरीने बांधल्यासारखा. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला, वरच्या ओठावर घाम आला. "दोन दिसायलेत," एवढं म्हणाला आणि पुढे वाकून ट्रेमध्ये ओकला. सिस्टरने मनगट धरलेलंच होतं. शांत बसल्यावर ७० च्या आसपास असलेली नाडी वर बघताना ५० पर्यंत उतरली होती. डोळा सैल सोडल्यावर मिनिटाभरात परत आली.

त्याच्या डाव्या गालावर आणि वरच्या ओठावर कापसाची वात फिरवली. उजवीकडे गुदगुल्या झाल्या, डावीकडे "जाड लागायलंय" म्हणाला. एवढं कळल्यावर निदानासाठी कुठल्याही यंत्राची गरज उरली नव्हती. यंत्र लागणार होतं ते फक्त पुढच्या डॉक्टरला जागा दाखवायला.

खोबणीचा तळ

डोळ्याची खोबण म्हणजे कवटीतला एक खड्डा, असंच बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती सात हाडांची जुळणी आहे: कपाळाचं, गालाचं, वरच्या जबड्याचं, नाकाच्या बाजूचं चिमुकलं अश्रू-अस्थी, त्यामागचं जाळीदार झर्झरिकास्थी, पाठीमागचं पंखासारखं जतुकास्थी, आणि अगदी मागच्या कोपऱ्यात टाळूच्या हाडाचा एक लहानसा तुकडा. आकार आडव्या पिरॅमिडसारखा: तोंड पुढे, टोक मागे. मोठ्या माणसात तोंडाची रुंदी साधारण ४० मिलिमीटर, उंची ३५, आणि काठापासून टोकापर्यंतची खोली ४० ते ४५. आतली जागा ३० मिलिलिटरच्या आसपास. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण तीनदा भरा, एवढीच. त्यात डोळ्याचा गोळा सातेक मिलिलिटरचा. उरलेल्या जागेत चरबी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या आणि अश्रूग्रंथी.

काठ जाड आणि दणकट असतो. बोट फिरवून बघा, भुवईखालून गालापर्यंत कडं लागतं. पण आतल्या भिंती तशा नाहीत. नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ आहे, तिचं लॅटिन नावच कागदी पत्रा अशा अर्थाचं आहे. तळ तिच्याहून जरा जाड, तरी अर्धा ते एक मिलिमीटरच. मग मार बसल्यावर कागदी भिंतीपेक्षा तळच जास्त वेळा का फुटतो? कागदी भिंतीच्या पलीकडे झर्झरिकास्थीचे लहान लहान कप्पे असतात, मधमाशीच्या पोळ्यासारखे, आणि त्यांच्या आडव्या भिंती तिला मागून टेकू देतात. तळाखाली असा टेकू नाही. तिथे वरच्या जबड्याच्या हाडातली मोठी पोकळी आहे, जिला आपण सायनस म्हणतो. खोबणीचा तळ हे त्या पोकळीचं छत. खांबाविना उभं असलेलं छत.

ह्या छतात एक नाली आहे. तिच्यातून एक नस मागून पुढे येते, काठाखाली साधारण एक सेंटिमीटरवर गालाच्या हाडातल्या भोकातून बाहेर पडते आणि गाल, नाकपुडीची बाजू, वरचा ओठ, वरचे पुढचे दात ह्यांना स्पर्श देते. नालीमुळे छत तिथे आणखी कमजोर होतं आणि तडा बहुतेक वेळा ह्या नालीच्या नाकाकडच्या बाजूला जातो. मुलाचा ओठ "जाड" लागत होता तो ह्या नसेमुळे. ओठाला मार लागलाच नव्हता.

मार डोळ्यावर आणि फुटतो तळ, हे कसं, ह्यावर दोन मतं आहेत. एक मत असं की डोळा मागे दाबला जातो, खोबणीतला दाब अचानक वाढतो आणि सगळ्यात कमजोर जागा फुटते. १९५७ साली स्मिथ आणि रीगन ह्या अमेरिकी डॉक्टरांनी मृतदेहाच्या डोळ्यावर हर्लिंग ह्या आयरिश खेळातला चेंडू ठेवून त्यावर हातोडा मारला. काठ शाबूत राहिला आणि तळ फुटला. दुसरं मत असं की काठावरचा धक्का हाडातून आत जातो आणि तळ दुमडतो. प्रत्यक्षात दोन्ही होत असावं. कोपराच्या मारात तर डोळाही दाबला जातो आणि काठही.

हिरवी तूर आणि तुराटी

आता मुलांचं हाड वेगळं का वागतं ते. मराठवाड्यात कुणालाही हे एका वाक्यात समजतं. वाळलेली तुराटी वाकवली की काडकन तुटते, दोन तुकडे होतात. तीच तूर हिरवी असताना वाकवा: एका बाजूने चिरते, तुटत नाही, आणि हात सोडला की परत सरळ होते. चीर मात्र राहते.

मोठ्या माणसाचा तळ तुराटीसारखा फुटतो. हाडाचे तुकडे सायनसमध्ये पडतात, भोक उघडं राहतं, चरबी खाली लोंबते. रक्त साकळतं, डोळा काळानिळा होतो, पुढे सूज उतरल्यावर डोळा आत गेलेला दिसतो. दिसायला सगळं भयंकर, पण भोक मोठं असल्यामुळे स्नायू सहसा चिमटत नाही. म्हणून मोठ्यांमध्ये सूज उतरेपर्यंत दहा-पंधरा दिवस वाट पाहणं बऱ्याचदा योग्य असतं, आणि काहींना शस्त्रक्रिया लागतही नाही.

मुलाचा तळ हिरव्या तुरीसारखा. धक्क्याने तो क्षणभर झडपेसारखा खाली उघडतो, वरचा मऊ भाग त्या फटीत जातो, आणि लवचिक हाड लगेच परत वर येतं. झडप मिटते. आत गेलेलं आतच राहतं. हाड जागच्या जागी, म्हणून सूज नाही. रक्त फारसं नाही, म्हणून डोळा पांढरा. १९९८ मध्ये जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा लेख लिहिताना ह्या दुखापतीला पांढऱ्या डोळ्याचा ब्लोआउट (ब्लोआउट म्हणजे मारामुळे खोबणीची भिंत फुटणं) असं नाव दिलं आणि अशांना दिवसांत हाताळा, आठवड्यांत नको, असं सांगितलं.

फटीत जातो तो बहुतेक वेळा डोळा खाली ओढणारा स्नायू, जो तळाला जवळजवळ टेकून पुढे येतो. कधी स्नायू नसून त्याच्या भोवतीची चरबीच अडकते, तरी डोळा हलत नाही. खोबणीतली चरबी पिशवीत भरलेल्या लोण्यासारखी मोकळी नसते. तिच्यातून बारीक पडद्यांचं जाळं जातं, स्नायूपासून हाडापर्यंत. नेदरलंडचे लिओ कोर्नीफ ह्यांनी १९७० च्या दशकात खोबणीचे पातळ काप काढून हे जाळं दाखवलं. त्यातला एक धागा अडकला तरी सगळा स्नायू जखडतो.

चिमटलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो. काही तास तो तग धरतो. पुढे सुजतो, काळवंडतो, मरतो, आणि मेलेल्या स्नायूच्या जागी वण येतो. वणाची दोरी आखूड होते. मग फट कितीही सफाईने उघडा, डोळा वर जात नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकले एका मुलीकडून. बऱ्याच वर्षांपूर्वी, प्रॅक्टिसच्या सुरुवातीला, एक नऊ वर्षांची मुलगी झोक्यावरून पडून अशीच आली होती. डोळा स्वच्छ, वर बघताना दोन दिसतं म्हणाली. मी मोठ्यांचा नियम तिला लावला: सूज असेल, पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांनी पाठवली, शस्त्रक्रिया झाली, पण वण पडून गेला होता. ती आता कॉलेजात आहे. जिना चढताना मान तिरकी करते. ती भेटली की माझी नजर आधी तिच्या मानेकडे जाते.

नाडी का उतरली

उलट्या आणि मंद नाडी ह्यांनी पहिल्या डॉक्टरांना मेंदूकडे नेलं, आणि ते चूक नव्हतं. मेंदूवरचा दाब वाढला तरी हेच होतं. पण डोळ्याच्या स्नायूवर ताण आला तरीही नाडी उतरते. १९०८ मध्ये व्हिएन्नाचे अश्नर आणि इटलीचे दान्यिनी ह्या दोघांनी वेगवेगळं हे नोंदवलं. खोबणीतून संवेदना नेणारी पाचवी मेंदूनस ताणाची खबर मेंदूच्या देठाकडे पोहोचवते. तिथून ती दहाव्या नसेवर जाते, जिच्या फांद्या हृदयाला आणि जठराला जातात. हृदय मंदावतं, पोट उलटतं. डोळ्याची तिरळेपणाची शस्त्रक्रिया करताना भूलतज्ज्ञ मॉनिटरवरून नजर काढत नाहीत ते ह्याचसाठी.

फरक ओळखायची जागा एकच. मेंदूच्या दाबाने येणारी मळमळ डोळा कुठे आहे हे बघत नाही. ह्या मुलाला मळमळ वर बघितल्यावर येत होती, डोळा सैल सोडल्यावर ओसरत होती. मैदानावर चेंडू वर गेला की गरगरतं हे त्याने पहिल्याच संध्याकाळी चुलत्याला सांगितलं होतं. निदान त्या वाक्यात होतं. पण रात्रभर त्याला कुणी वर बघायला लावलं नाही.

मेंदूचा स्कॅन मी पाकिटातून काढून खिडकीला धरला. मेंदू खरंच ठीक होता. पण त्या कापांमध्ये खोबणीचा फक्त वरचा भाग येत होता. तळापर्यंत काप उतरलेच नव्हते. जे चित्रात नाही ते अहवालात कुठून येणार?

मी चिठ्ठीवर लिहिलं: दोन्ही खोबणी, एक मिलिमीटरचे काप, समोरून उभे छेदही हवेत. आमच्याच गावातल्या स्कॅन सेंटरवाल्याला फोन करून रविवारी मशीन सुरू करायला लावलं. दीड वाजता चित्रं हातात आली. तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, फ्रॅक्चर काही दिसत नाही." पहिल्या नजरेला दिसत नव्हतंच. तळ सरळ होता. मग समोरच्या छेदांमध्ये उजवी-डावी ताडून बघत एकेक काप मागे गेले. उजवीकडे डोळ्याखाली स्नायूचा राखाडी चपटा अंडाकार प्रत्येक कापात दिसत होता. डावीकडे मधल्या तीन कापांत तो जागेवर नव्हता. नालीच्या आतल्या बाजूला केसाएवढी फट, आणि फटीखाली सायनसच्या काळ्या पोकळीत मुगाच्या दाण्याएवढा थेंब लोंबत होता.

सांगली ते संभाजीनगर

ह्या शस्त्रक्रियेचा सराव असलेला सर्जन आमच्या तालुक्यात नाही. खोबणीत काम करणारे नेत्रशल्यचिकित्सक मराठवाड्यात मोजकेच. संभाजीनगरला माझ्या ओळखीचे एक आहेत. त्यांना चित्रं मोबाइलवर पाठवली. दहा मिनिटांत उत्तर आलं: "आज पाठवा. सकाळी पहिली केस घेतो." मार लागून तेव्हा बावीस तास होत आले होते.

आजीला मी तळहातावर खोबण काढून दाखवली, पण तिचा प्रश्न दुसराच होता. "ह्याच्या बापाला इचारल्याबगर कसं करावं बाई? मी सही कशी करू?" पोराची जबाबदारी तिच्यावर होती, आणि निर्णयाचा हक्क आपला नाही असं तिला वाटत होतं. मी तिच्या मोबाइलवरून मुलाच्या वडिलांना फोन लावला. ते फडात होते, मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"मॅडम, दोन दिसानं आलो तर चालंल का? उचल घेतलेली हाय, मदीच कसं सोडावं."

"दादा, गाडी आवळताना दोरात बोट सापडलं तर ते दोन दिवस तसंच ठेवाल का?"

पलीकडे काही क्षण आवाज नाही. मग, "काळं पडंल की."

"तसंच आत पडतंय. आज रात्रीच निघा."

मुकादमाशीही मीच बोलले. मला वाटलं होतं तो आढेवेढे घेईल. तो म्हणाला, "जाऊ द्या बाई, लेकराचं हाय," आणि स्वतःच्या गाडीवरून दोघांना सांगलीच्या एसटी स्टँडवर सोडलं. ऊसतोडीतल्या मुकादमांबद्दल तक्रारी पुष्कळ ऐकायला मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात, म्हणून ही नोंदही इथे राहू द्यावी.

निघताना मुलाला उलटीचं इंजेक्शन दिलं, सलाइन चालू ठेवलं. चुलत्याला दोन गोष्टी दोनदा सांगितल्या. लेकराने नाक शिंकरायचं नाही. तळाला फट आहे, खाली सायनस आहे, सायनस नाकाला उघडतं. जोरात शिंकरलं तर हवा फटीतून खोबणीत शिरून डोळा फुग्यासारखा सुजतो. आणि दुसरं, रेशनकार्ड आणि सगळ्यांची आधार कार्डं बरोबर घ्या. ह्या दुसऱ्या गोष्टीवाचून मोठ्या दवाखान्याच्या खिडकीवर तास गेलेले मी पाहिले आहेत.

आई-वडील रातोरात प्रवास करून पहाटे संभाजीनगरला पोहोचले. वडिलांनी सही केली. सकाळी साडेआठला, मार लागल्यापासून साधारण चाळीस तासांनी, मुलाला थिएटरमध्ये घेतलं.

मी तिथे नव्हते. सर्जननी संध्याकाळी फोनवर सांगितलं ते असं. भूल दिल्यावर त्यांनी आधी बारीक चिमट्याने डोळा धरून वर फिरवून पाहिला. भूल दिलेला डोळा कुठेही फिरायला हवा. हा फिरेना, आणि ओढताच नाडी ४४ वर आली. हात सोडला, भूलतज्ज्ञांनी ॲट्रोपिन दिलं, नाडी वर आली. खालच्या पापणीच्या आतून छेद घेतला, म्हणजे बाहेर वण राहत नाही. हाडावरचं पातळ आवरण काठापासून उचलत मागे गेले. खोबणीत हे आवरण काठाशी घट्ट आणि आत सैल असतं, म्हणून एकदा काठ ओलांडला की ते सहज सुटतं. फट दिसली, तिच्यात गेलेला ऊतींचा पट्टा दिसला. इथे मोह होतो तो पट्टा वर ओढण्याचा. त्यांनी ओढला नाही. ओढला तर स्नायू फटीच्या धारेवर फाटतो. त्यांनी हाडाची झडप खाली दाबून धरली, फट रुंद केली, आणि पट्टा आपोआप सैल झाल्यावर हलकेच वर घेतला. स्नायू जांभळट होता. पाच-सात मिनिटं थांबले. रंग हळूहळू परतला. पुन्हा चिमट्याने डोळा फिरवला, आता वर मोकळा गेला. फटीवर पातळ पत्रा ठेवला, जेणेकरून काही परत आत जाऊ नये, आणि छेद बंद केला.

"आणखी एक दिवस गेला असता तर रंग परतला नसता," असं ते म्हणाले. हे त्यांचं मत. मोजून सिद्ध करता येणारं नाही, पण स्नायूचा रंग त्यांनी पाहिला आहे.

पुढचे तीन महिने

उलट्या त्याच दिवशी थांबल्या. मंगळवारी मुलाने दवाखान्यात वरणभात खाल्ला, आजीने फोन करून तेवढंच सांगितलं. आई-वडील चार दिवस राहिले आणि परत फडावर गेले.

दोन दिसणं मात्र लगेच थांबत नाही, आणि हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर ऑपरेशन वाया गेलं असं वाटतं. स्नायूला मार बसलेला असतो, नसेला बसलेला असतो, सूज असते. पहिल्या आठवड्यात त्याला सरळ बघतानाही दोन दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात सरळ बघताना एक, वर बघताना दोन. मी डोळ्यांचा व्यायाम दिला होता: पेन्सिल नाकासमोर धरायची, मान न हलवता हळूहळू वर न्यायची, दिवसातून चार वेळा. आजीने तो स्वतःच्या पद्धतीने बदलला. घरासमोर कडुलिंबाचं झाड आहे. संध्याकाळी बगळे उतरले की ती नातवाला बाजेवर बसवायची, डोक्यावर हात ठेवून मान दाबून धरायची आणि म्हणायची, मोज. पेन्सिलीपेक्षा हे चांगलं होतं. त्याला ते करायला आवडत होतं, आणि झाड दूर असल्यामुळे नजरेला ताणही कमी.

माझ्याकडे येणारे डोळ्याचे मार बहुतेक बुबुळावरचे असतात. उसाचं पाचट, ज्वारीचं पान, तुराटीचं टोक. त्यात डोळा लाल होतो, गळतो, दुखतो, घरचे लगेच घेऊन येतात. खोबणीच्या तळाचा मार असा ओरडत नाही. म्हणून ह्या प्रकरणानंतर मी माझ्या भागातल्या चार ओळखीच्या डॉक्टरांना आणि दोन शाळांतल्या शिक्षकांना जाऊन भेटले आणि टॉर्चची ती एक तपासणी करून दाखवली. डोळ्यावर मार, नंतर उलट्या, डोळा मात्र स्वच्छ: मान धरा आणि वर बघायला सांगा. एक डोळा अडला की त्याच दिवशी पाठवा. मेंदूचा स्कॅन करायचाच, पण खोबणीचे काप त्यात घ्यायला सांगा. एका शिक्षकाने ते फळ्यावर लिहून ठेवलं. पुढच्या आठवड्यात मी त्या शाळेत गेले तेव्हा खडू पुसट झाला होता, पण अक्षरं होती.

तीन महिन्यांनी मुलगा तपासणीला आला. लाल-हिरवा चष्मा घालून नऊ दिशांना उजेड दाखवला. आठ दिशांना एक, अगदी वर, टोकाला, दोन. तेवढं राहीलही कदाचित, रोजच्या कामात ते आड येत नाही. डोळा आत गेलेला नाही, दोन्ही बाजू पट्टीने मोजल्यावर सारख्या. ओठाबद्दल विचारलं तर म्हणाला, "आता माशी बसलेली कळती." चेंडू उंच गेला की तो अजून पाय मागे घेतो, असं आजी म्हणाली. ते डोळ्यामुळे की भीतीमुळे, हे मी त्याला विचारलं नाही.

केसपेपरवर पुढची तारीख टाकायची होती. आजी म्हणाली, पट्टा पडल्यावरची (म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरची) टाका, तवर ह्याचे आई-बाप येत्यात, त्यांनाबी बघू द्या. मी एप्रिलचा दुसरा आठवडा लिहिला.